संशयाचे चक्र

सातारा-सांगलीकडे गावात चोरी झाली, की पुष्कळदा पहिले बोट पारध्यांच्या पालांकडे जाते. असे का होते? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. १९५२ मध्ये तो रद्द झाला, तरी संशय उरला. संशय तिथे तपास, तपास तिथे अटका. आणि या अटकाच पुढे आपल्याला पुराव्यासारख्या वाटू लागतात. २००३ च्या नाशिकमधील गुन्ह्यात भटक्या जमातीतील सहाजणांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फाशी ठोठावली. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडून प्रत्येकी पाच लाखांची भरपाई देववली. गुन्ह्याची बातमी वर्गात वाचताना आपण विचारू या : यात पुरावा कोणता आणि नुसता संशय कोणता?