सुवाह्य डिजिटल रेडिओ

सुवाह्य डिजिटल रेडिओ हा सहज वाहून नेता येण्याजोगा, सेलवर किंवा पुन्हा भारित होणाऱ्या बॅटरीवर चालणारा रेडिओ संच होय. त्यातील स्थानकाची निवड किंवा प्रत्यक्ष ध्वनीचे ग्रहण, अथवा दोन्ही, अंकीय पद्धतीने होते. बाजारात ‘डिजिटल’ हे विशेषण परस्परांहून भिन्न अशा किमान तीन प्रकारच्या संचांना लावले जाते. त्यामुळे एखादा संच एखाद्या गावी कितपत उपयोगी पडेल, हे त्याच्या नावापेक्षा त्या गावापर्यंत कोणते प्रसारण पोहोचते यावर अवलंबून असते. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे शेजारी तालुके या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. दोन्ही तालुक्यांची मुख्यालये एकमेकांपासून जवळपास ५० किलोमीटरवर असली, तरी तेथे संच लावताना करावयाचा विचार वेगळा आहे.

‘डिजिटल’ या संज्ञेचे तीन अर्थ

पहिल्या प्रकारात केवळ वारंवारता दाखवणारा पडदा डिजिटल असतो. स्थानक मात्र जुन्या संचाप्रमाणे चकती फिरवूनच लावावे लागते.

दुसऱ्या प्रकारात वारंवारता आकड्यांनी निवडता येते आणि आलेल्या संकेतावरील प्रक्रिया संचातील अंकीय चिप करते. अशा संचात स्थानक स्थिर राहते, स्मृतीत साठवता येते आणि जवळजवळच्या वारंवारतांवरील स्थानके वेगळी काढता येतात. तथापि तो ग्रहण करतो ते प्रसारण नेहमीचे एफएम किंवा मध्यम लहरींचेच असते.

तिसऱ्या प्रकारात प्रसारणच डिजिटल असते. ध्वनीचे अंकांत रूपांतर करून तो प्रक्षेपित केला जातो आणि संच त्याची उकल करतो. डॅब व डीआरएम या या प्रकारातील दोन प्रमुख पद्धती आहेत. एका पद्धतीचा संच दुसऱ्या पद्धतीचे प्रसारण ऐकवतोच असे नाही, म्हणून खरेदीपूर्वी खोक्यावरील पद्धतीचे नाव पाहणे आवश्यक ठरते.

डिजिटल प्रसारणाच्या पद्धती

डॅब ही पद्धत प्रामुख्याने युरोपात रूढ आहे. बीबीसीने १९९५ मध्ये तिचे नियमित प्रसारण सुरू केले, तर नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम प्रसारण बंद करून हीच पद्धत स्वीकारली. भारतात डॅबचे नियमित प्रसारण नाही. परदेशातील नातेवाइकांनी आणलेला डॅब संच बारामतीत सुरू केल्यास त्या पट्ट्यावर एकही स्थानक सापडत नाही. हा संचातील बिघाड नव्हे. अशा बहुतेक संचांत एफएमचीही सोय असते आणि ती येथे चालते.

डीआरएम ही पद्धत १९९८ मध्ये स्थापन झालेल्या एका आंतरराष्ट्रीय संघाने विकसित केली. मध्यम व लघुलहरींच्या प्रचलित पट्ट्यांतच ती वापरता येते, हे तिचे वैशिष्ट्य आहे. आकाशवाणीने हीच पद्धत निवडली आणि पुण्यासह देशभरातील तीसहून अधिक मध्यम लहर प्रक्षेपक डीआरएमसाठी सज्ज केले. त्यांपैकी अनेक प्रक्षेपकांवर नेहमीचे व डिजिटल प्रसारण शेजारी-शेजारी एकाच वेळी चालवता येते. भारतात डीआरएम ग्रहणाची सोय प्रामुख्याने काही मोटारींत अंगभूत मिळते. हाताळण्याजोगे डीआरएम संच तुलनेने महाग असून सर्वत्र उपलब्ध नाहीत.

बारामती व इंदापूर परिसरातील प्रसारण

बारामतीत दोन सामुदायिक रेडिओ केंद्रे आहेत. विद्या प्रतिष्ठानची ‘वसुंधरा वाहिनी’ ९०.४ मेगाहर्ट्झवर, तर शारदानगर येथील कृषी विज्ञान केंद्राची ‘शारदा कृषी वाहिनी’ ९०.८ मेगाहर्ट्झवर ऐकता येते. दोन्ही केंद्रे एफएम पट्ट्यातील असल्याने त्यांच्यासाठी डीआरएम किंवा डॅब संचाची गरज नाही. मात्र त्यांच्या वारंवारतांत केवळ ०.४ मेगाहर्ट्झचे अंतर आहे. चकतीच्या जुन्या संचावर एका केंद्रावरून काटा दुसऱ्यावर सहज सरकतो. आकड्यांनी वारंवारता निवडणाऱ्या संचावर ही अडचण राहत नाही.

भारत सरकारने सामुदायिक रेडिओची परवानगी २००२ मध्ये प्रथम शिक्षणसंस्थांना दिली. २००६ च्या धोरणाने ती स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांनाही खुली झाली. या केंद्रांची प्रभावी प्रक्षेपणशक्ती सर्वसाधारणपणे १०० वॅटपर्यंत आणि अँटेनाची उंची ३० मीटरपर्यंत मर्यादित असते. एफएम लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. ३० मीटर उंचीचा अँटेना आणि जमिनीपासून दोन मीटरवर धरलेला संच यांच्यातील रेडिओ क्षितिज सपाट प्रदेशात सुमारे २८ किलोमीटर येते. प्रत्यक्षात कमी शक्ती, इमारती व झाडी यांमुळे सुस्पष्ट ग्रहणाची मर्यादा याहून बरीच कमी राहते. म्हणून बारामती शहर व नजीकच्या गावांत ही केंद्रे लहान संचावरही ऐकू येतात. इंदापूर शहर मात्र या क्षितिजापलीकडे पडते. तेथे ९०.४ किंवा ९०.८ वर काही ऐकू आले नाही, तर संचाला दोष देण्याचे कारण नाही.

आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले. त्याची मध्यम लहरींवरील वारंवारता ७९२ किलोहर्ट्झ आहे. या लहरीची लांबी सुमारे ३७९ मीटर असते. मध्यम लहरी दिवसा जमिनीच्या पृष्ठभागालगत दूरवर जातात, त्यामुळे क्षितिजाची मर्यादा त्यांना एफएमइतकी जाचक ठरत नाही. हवाई अंतराने पुण्यापासून सुमारे ८५ किलोमीटरवरील बारामती आणि सुमारे १३० किलोमीटरवरील इंदापूर या दोन्ही ठिकाणांच्या दृष्टीने मध्यम लहरींचा पट्टा म्हणूनच महत्त्वाचा आहे. इंदापूर तालुक्यासाठी संच घेताना त्यात केवळ एफएम नसून मध्यम लहरींचा पट्टाही आहे, याची खात्री करणे हिताचे ठरते.

संच प्रथम लावणे

नव्या संचात सेल घालताना धन व ऋण टोके तपासावीत आणि जुने-नवे सेल एकत्र वापरू नयेत. पुन्हा भारित होणारी बॅटरी असल्यास ती प्रथम पूर्ण भारित करावी.

त्यानंतर संचाचा प्रदेश किंवा टप्पा निश्चित करावा. ही पायरी सर्वाधिक दुर्लक्षिली जाते. भारतात मध्यम लहरींवरील स्थानके ९ किलोहर्ट्झच्या अंतराने, तर अमेरिकेत १० किलोहर्ट्झच्या अंतराने मांडलेली असतात. ७९२ या संख्येला ९ ने निःशेष भाग जातो. संच १० किलोहर्ट्झच्या टप्प्यावर असल्यास तो ७९० वरून थेट ८०० वर उडी घेतो. परिणामी पुणे केंद्र एकतर सापडत नाही किंवा फाटक्या आवाजात ऐकू येते. अनेक संचांत हा टप्पा संच बंद असताना एखादे बटण दाबून धरल्यास बदलतो. नेमकी कृती माहितीपत्रकात दिलेली असते.

एफएम पट्टा ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ असा निवडावा. जपानसाठी बनवलेल्या काही जुन्या संचांचा पट्टा ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होऊन ९० वर संपतो. अशा संचावर बारामतीची दोन्ही केंद्रे लागत नाहीत. काही आयात संचांवर ‘हवामान पट्टा’ असे बटण असते. ते उत्तर अमेरिकेतील १६२ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या सेवेसाठी असून भारतात त्याचा उपयोग नाही.

यानंतर स्वयंशोध चालवावा. स्वयंशोध दुर्बळ संकेत वगळून पुढे जातो, म्हणून कमी शक्तीची सामुदायिक केंद्रे त्यात सुटण्याचा संभव असतो. अशा वेळी वारंवारता थेट आकड्यांनी भरावी किंवा बाणाच्या बटणाने एकेक टप्पा पुढे न्यावी. सापडलेली स्थानके स्मृतीत साठवावीत. काही संचांत सेल बदलताच स्मृती पुसली जाते. त्यासाठी वारंवारता कागदावर लिहून संचाच्या पाठीवर चिकटवून ठेवावी.

अँटेना व जागा

एफएमसाठी संचावरील ओढून लांब करता येणारी दांडी वापरली जाते. ९०.४ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३.३ मीटर असल्याने तिच्या चतुर्थांशाइतकी, म्हणजे सुमारे ८३ सेंटिमीटर लांबी पुरेशी असते. दांडी याहून आखूड असल्यास ती पूर्ण ओढावी आणि उभी, तिरपी, आडवी करून पाहावी. भ्रमणध्वनीतील एफएम रेडिओ इअरफोनची तार अँटेना म्हणून वापरतो, म्हणून तार जोडल्याशिवाय तो बहुधा चालत नाही.

मध्यम लहरींसाठी ही दांडी कामी येत नाही. त्यांचे ग्रहण संचाच्या आत आडव्या बसवलेल्या फेराइट कांडीने होते. ही कांडी स्थानकाच्या दिशेला काटकोनात असताना आवाज सर्वांत स्पष्ट येतो आणि तिचे टोक स्थानकाकडे असताना सर्वांत क्षीण. बारामती व इंदापूर येथून पुणे साधारण पश्चिम-वायव्येस आहे. कांडी बहुधा संचाच्या लांबीला समांतर असल्याने संचाचा दर्शनी किंवा मागचा भाग त्या दिशेला ठेवावा आणि नंतर संच थोडा-थोडा फिरवून उत्तम स्थिती ठरवावी.

पत्र्याच्या छताखाली किंवा सलोह काँक्रीटच्या खोलीत संकेत दुर्बळ होतो. संच खिडकीजवळ, ओसरीवर किंवा गच्चीवर नेल्यास फरक जाणवतो.

डीआरएम संचाचा वापर

डीआरएम संचावर वारंवारता लावल्यानंतर काही क्षण वाट पाहावी लागते. संकेताची उकल झाल्यावर पडद्यावर केंद्राचे नाव दिसते. एकाच वारंवारतेवर एकाहून अधिक वाहिन्या असू शकतात. त्यांतील हवी ती यादीतून निवडावी. ध्वनीसोबत मजकूर पाठवण्याची सोयही या पद्धतीत आहे. साध्या संचावर डीआरएमचे प्रसारण केवळ सलग फुसफुस आवाजासारखे ऐकू येते.

नेहमीच्या प्रसारणात संकेत क्षीण होत गेला की खरखर वाढते, परंतु शब्द बराच काळ कळतात. डिजिटल प्रसारणात आवाज शेवटपर्यंत स्वच्छ राहतो आणि संकेत विशिष्ट मर्यादेखाली जाताच तुटक होऊन पूर्ण थांबतो. त्यामुळे आवाज बंद पडल्यास प्रथम संचाची जागा व दिशा बदलून पाहावी. ऐकण्यापूर्वी त्या प्रक्षेपकाचे चालू वेळापत्रक पाहणेही आवश्यक आहे. उकलीच्या प्रक्रियेला अधिक वीज लागत असल्याने डीआरएम संचाचे सेल साध्या संचापेक्षा लवकर संपतात.

व्यत्यय व त्यावरील उपाय

मध्यम लहरींवरील खरखरीचे कारण पुष्कळदा घरातच असते. एलईडी दिवे, भ्रमणध्वनीचे चार्जर, इन्व्हर्टर, सौरपंपांचे नियंत्रक व वीजवाहिन्यांवरील ठिणग्या या पट्ट्यात व्यत्यय आणतात. कारण शोधण्यासाठी संच सेलवर चालवावा आणि घरातील उपकरणे एकेक करून बंद करावीत. एखादे उपकरण बंद करताच खरखर थांबल्यास संच त्यापासून दूर न्यावा. संच स्वतःच्या चार्जरला जोडलेला असताना खरखर येत असल्यास ऐकताना चार्जर काढावा.

रात्री वातावरणाच्या वरच्या थरातील आयनांबरावरून मध्यम लहरी परावर्तित होऊन दूरची स्थानके ऐकू येऊ लागतात. त्यांची सरमिसळ होऊन आवाज चढ-उतार करतो. हा निसर्गनियम असून संचातील दोष नव्हे.

आपत्काळातील उपयोग

सप्टेंबर २०१९ मध्ये पुरंदर तालुक्यातील मुसळधार पावसानंतर नाझरे धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे कऱ्हा नदीला मोठा पूर आला आणि बारामतीतील नदीकाठची वस्ती हलवावी लागली. इंदापूर तालुक्यालाही नीरा व भीमा या नद्यांचा काठ लाभला आहे. पुराच्या वेळी वीज व भ्रमणध्वनीचे जाळे खंडित झाल्यास इंटरनेटवरून रेडिओ ऐकवणारी उपयोजने निरुपयोगी ठरतात. सेलवरील संचाला मात्र प्रक्षेपक चालू असणे एवढेच पुरेसे असते.

हा उपयोग पूर्वतयारीवर अवलंबून आहे. पावसाळ्यापूर्वी संच सुरू करून पाहावा, स्थानके स्मृतीत असल्याची खात्री करावी आणि सेलचा एक जादा संच कोरड्या पिशवीत ठेवावा. दीर्घकाळ वापर नसल्यास सेल काढून ठेवावेत, अन्यथा त्यांतील द्रव गळून संपर्कपट्ट्या गंजतात. आणीबाणीत केवळ डीआरएम किंवा डॅबवर चालणाऱ्या संचापेक्षा एफएम व मध्यम लहरी दोन्ही घेणारा साधा संच या परिसरात अधिक भरवशाचा ठरतो.

हे सुद्धा पहा

आकाशवाणी
सामुदायिक रेडिओ
कृषी विज्ञान केंद्र
मध्यम लहरी