जॉकी पाहून घोडा लावताना

पुण्याच्या रेसकोर्सवर जुलै-ऑगस्टच्या भुरभुर पावसात पॅडॉकच्या कठड्याशी उभं राहिलं की एक दृश्य हमखास दिसतं. मोतद्दार लगाम धरून घोडे गोल फिरवत असतात, आणि कठड्यावर रेसबुक टेकवून उभ्या असलेल्या माणसाचं बोट घोड्याच्या नावावरून सरकत जाऊन जॉकीच्या नावावर थांबतं. तिथे पेन्सिलीनं खूण होते. मान वर करून घोड्याकडे पाहणं त्यानंतर, कित्येकदा नाहीच. "घोडा कुठलाही असू दे, वर कोण बसलंय ते बघ," हे वाक्य मी पुण्यात ऐकलं, मुंबईत महालक्ष्मीला ऐकलं, आणि बरीच वर्षं मीही तेच करत आलो. पुढे काही हंगाम वही घालून प्रत्येक राइड मांडायला लागलो, तेव्हा कळलं की जॉकीचे आकडे खोटे नसतात. आपण त्यांना जे विचारतो, त्याचं उत्तर मात्र त्यांच्यात नसतं.

"जास्त जिंकतो, म्हणजे घोडा तोच पळवतो"

सगळ्यात खोल रुजलेली समजूत ही. एखाद्या जॉकीच्या शंभर राइडमध्ये पंचवीस विजय दिसले की वाटतं, या माणसाच्या हातातच काहीतरी आहे. हातात असतंही. पण त्याला मिळालेले घोडे कसे होते, हे त्या पंचवीस टक्क्यांत मिसळून गेलेलं असतं. मोठ्या ट्रेनरकडे चांगले घोडे असतात, तो चांगला जॉकी बांधून घेतो, जॉकी जिंकतो, म्हणून बाकीचे ट्रेनरही आपला जिंकण्याजोगा घोडा आधी त्यालाच देऊ करतात. एकाच शर्यतीत तीन घोड्यांचं बोलावणं आलेला जॉकी त्यातला उत्तम घोडा निवडतो, आणि ज्याला आठवड्यात जेमतेम दोन राइड मिळतात तो मिळेल त्यावर बसतो. म्हणून टक्केवारीत कौशल्याच्या आधी दिसतो तो ट्रेनर-मालकांचा विश्वास.

जपानमध्ये हे एकदा फार स्पष्टपणे दिसलं. शिकोकू बेटावरच्या कोची रेसकोर्सवर हारू उरारा नावाची घोडी होती. १०५ शर्यती पळून एकही जिंकली नव्हती, आणि हरत राहूनही ती देशभर लाडकी झाली होती. २२ मार्च २००४ ला १०६ व्या शर्यतीसाठी तिच्यावर जपानचा सर्वांत यशस्वी जॉकी युताका ताके बसला. छोट्याशा कोर्सवर तेरा हजार माणसं लोटली, पैसे इतके लागले की घोडी फेव्हरिट झाली. अकरा घोड्यांत ती दहावी आली. ताकेची कारकिर्दीतली टक्केवारी त्या दिवशी जशीच्या तशी होती, खाली घोडी मात्र हारू उराराच होती.

यावरून जॉकीचं महत्त्व शून्य ठरवायचं असंही नाही. २००९ मध्ये लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी 'सायन्स' नियतकालिकात दाखवलं की १९०० च्या सुमाराला जॉकी ताठ बसणं सोडून रिकिबी आखडून घोड्याच्या मानेवर ओणवे होऊ लागले, आणि शर्यतींच्या वेळा पाच ते सात टक्क्यांनी सुधारल्या. कारण ऐकण्यासारखं आहे. ओणवा जॉकी पायांच्या स्प्रिंगवर तरंगतो. घोडा त्याचं वजन वाहतो, पण प्रत्येक टापेला त्याला पुढे-मागे ढकलत बसावं लागत नाही. हे करताना माणसाच्या मांड्या आणि फुप्फुसं किती पिळवटतात, ते शर्यतीनंतर घोड्यावरून उतरणाऱ्या जॉकीच्या चेहऱ्यावर वाचता येतं. या कारागिरीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण आज गेटमध्ये उभे असलेले सगळेच तसे बसतात. वरच्या दर्जाच्या दोन जॉकींमधला फरक त्यामुळे बारीक उरतो, आणि घोड्या-घोड्यांतला फरक त्याच्या कितीतरी पट मोठा असतो.

आकडे कोणत्या कोर्सवर जमवलेत, हेही पाहावं लागतं. अमेरिकेच्या रसेल बेझनं २०१६ मध्ये निवृत्त होईपर्यंत ५३,५७८ राइडमधून १२,८४२ शर्यती जिंकल्या, म्हणजे जवळपास २४ टक्के. अफाट काम. त्यातल्या बहुतेक शर्यती उत्तर कॅलिफोर्नियातल्या कोर्सवरच्या होत्या, केंटकी डर्बी त्याला कधीच मिळाली नाही. आपल्याकडेही बेंगळुरू, हैदराबाद किंवा कोलकात्याचा जॉकी महालक्ष्मीला आला की त्याची तिकडची टक्केवारी इकडे जशीच्या तशी मोजू नये. इथे त्याला कोण घोडे देतंय, ते आधी बघावं.

"टक्केवारी मोठी, म्हणजे पैसे सुटणार"

खिशाला खरी झळ बसते ती इथे. एक हिशेब मांडू. एका जॉकीच्या शंभर राइडवर प्रत्येकी दहा रुपये लावले, हजार गेले. पंचवीस वेळा तो जिंकला आणि दर वेळी सरासरी ३४ रुपये सुटले, तर हातात आले ८५०. चारात एक जिंकणारा जॉकी, आणि तरी दीडशेचा तोटा. दुसरा जॉकी शंभरात आठच जिंकला, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसल्यानं सरासरी १४० सुटले, तर ११२० आले. टक्केवारीचा तक्ता पहिल्याला डोक्यावर घेतो आणि दुसऱ्याला शेवटच्या पानावर ढकलतो.

जॉकीचं नाव भावात आधीच मोजलेलं असतं. ते नाव तुम्ही वाचता तसं बुकीही वाचतो आणि टोटच्या, म्हणजे सामायिक पैजेच्या, रांगेतली सगळी माणसंही वाचतात. २८ सप्टेंबर १९९६ ला इंग्लंडमध्ये ॲस्कॉटला फ्रँकी देत्तोरीनं दिवसाच्या सातही शर्यती जिंकल्या. सातव्या शर्यतीतला त्याचा घोडा फुजियामा क्रेस्ट सकाळी एकाला बारा भावात मिळत होता. सहा विजय झाले तोवर लोकांनी इतके पैसे ओतले आणि बुकी इतके धास्तावले की सुटताना भाव एकाला दोन झाला होता. सकाळपासून घोड्यात काही बदललं नव्हतं, वजन तेच, अंतर तेच. घोडा जिंकला, पण अगदी थोडक्यात. सकाळी बाराचा भाव घेणाऱ्यानं आणि दुपारी दोनचा घेणाऱ्यानं एकच घोडा लावला होता, तरी त्यांचे व्यवहार वेगळे होते. दुपारचा भाव पुन्हापुन्हा घेणारा वर्षअखेरीला हरतोच, कारण तो देत्तोरीच्या घोड्याला नव्हे तर देत्तोरीच्या गाजावाजाला पैसे मोजतो.

त्यात आपल्याकडे कराचं ओझं मोठं आहे. पैजेच्या पूर्ण रकमेवर आधी २८ टक्के जीएसटी होता, आणि सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. इतकं वजा जात असताना नुसतं जिंकणारं नाव ओळखून भागत नाही.

म्हणून वहीत विजयांशेजारी आणखी एक रकाना आखावा, अपेक्षित विजयांचा. एकाला चार भाव असलेला घोडा पाचात एकदा जिंकावा अशी बाजाराची अपेक्षा असते, म्हणून त्या राइडपुढे ०.२ लिहायचं. बरोबरीच्या भावाला ०.५, एकाला नऊ असेल तर ०.१. (बुकीचा नफा भावातच दडलेला असल्यानं हे आकडे किंचित फुगलेले असतात, पण जॉकीची जॉकीशी तुलना करायला पुरतात.) साठ राइडची बेरीज बारा आणि विजयही बारा, तर वीस टक्केवाल्या जॉकीनं अपेक्षेइतकंच दिलं. दुसऱ्याची बेरीज चार आणि विजय सहा असतील, तर दहा टक्केवाल्यानं घोड्यांकडून जास्त काढलं. पण इथेही लगेच हुरळू नये. चारच्या जागी सहा किंवा जास्त विजय निव्वळ नशिबानंही साधारण पाचात एकदा दिसतात.

"सध्या त्याचा हात चालतोय" आणि "त्याचा काळ वाईट चाललाय"

पंधरा टक्के जिंकणारा जॉकी घ्या. त्याच्या सलग दहा राइड कोरड्या जाण्याची शक्यता वीस टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे पाचात एकदा. सलग वीस कोरड्या जाण्याची शक्यता चार टक्के. ही कमी वाटते, पण हंगामात असे चाळीस जॉकी मोजले तर कुठल्याही वेळी त्यातल्या एक-दोघांच्या मागच्या वीस राइड कोऱ्या दिसायला हव्यात, त्यांच्या कौशल्यात तसूभर फरक न पडता. उलट बाजूही तशीच. शनिवारी तीन जिंकलेल्याचं नाव रविवारी सगळ्यांच्या तोंडी असतं आणि भाव पडलेला असतो. शनिवारी त्याला तीन चांगले घोडे मिळाले होते, एवढंच बहुतेक वेळा त्यामागे असतं.

ट्रेनर-जॉकीच्या जोडीचे आकडे तर आणखी फसवे. 'या जोडीनं पाचात तीन जिंकलेत' हे वाक्य जोरदार वाटतं, पण शेकडो जोड्यांमधून अशी एक शोधून काढणं अवघड नसतं. पाच राइडवर मी आता काहीच ठरवत नाही.

अमुक जॉकीला अमुक शर्यत मानवत नाही, हीही त्यातलीच गोष्ट. इंग्लंडचे गॉर्डन रिचर्ड्स २६ वेळा चॅम्पियन झाले, ४,८७० शर्यती जिंकले, पण एप्समची डर्बी त्यांना मिळाली १९५३ मध्ये, पिन्झावर, अठ्ठाविसाव्या प्रयत्नात. अडथळ्यांच्या शर्यतींत सलग वीस वर्षं चॅम्पियन राहिलेल्या टोनी मॅकॉयला ग्रँड नॅशनल पंधराव्या खेपेला, २०१० मध्ये मिळाली. सत्तावीस डर्ब्या हरलेला माणूस डर्बीत कच्चा आहे असं म्हणणारे आकड्यांच्या बळावरच बोलत होते. वर्षाकाठी एकदाच होणाऱ्या आणि भरपूर घोडे पळणाऱ्या शर्यतीत सत्तावीस ही संख्या फार लहान आहे.

"स्टेबलचा पहिला जॉकी ज्यावर, घोडा तोच"

एकाच ट्रेनरचे दोन-तीन घोडे शर्यतीत असले की मुख्य जॉकीची निवड म्हणजे आतली खबर, असं मानलं जातं. तर्क चुकीचा नाही, त्याला घोडे जवळून माहीत असतात. पण निवड दिवस-दोन दिवस आधी होते आणि शर्यत पळायची बाकी असते. २०१७ च्या एप्सम डर्बीत एडन ओब्रायनच्या स्टेबलचा पहिला जॉकी रायन मूर क्लिफ्स ऑफ मोहरवर होता. जिंकला त्याच स्टेबलचा विंग्ज ऑफ ईगल्स, भाव एकाला चाळीस, वर पॅड्रिग बेगी. मूर दुसरा आला. २०२० मध्ये मूर मोगलवर बसला, आणि त्याच स्टेबलचा सर्पेंटाइन एमेट मॅकनमाराखाली आघाडी घेऊन सुटला तो थेट जिंकूनच थांबला, भाव एकाला पंचवीस. बाकीच्यांनी त्याला फार पुढे जाऊ दिलं, कारण त्याचा पाठलाग करण्याची गरज कुणाला वाटली नाही. मोठ्या नावाचा दबदबा कधीकधी प्रतिस्पर्धी जॉकींवरही पडतो, आणि त्याचा फायदा अनोळखी नावाला होतो.

"हलका जॉकी, वेगवान घोडा"

हँडिकॅप शर्यतीत घोड्यानं किती वजन वाहायचं हे हँडिकॅपर ठरवतो. जॉकी खोगीर हातात घेऊन काट्यावर उभा राहतो आणि कमी पडेल तेवढं शिसं खोगिराखाली भरलं जातं. पंचावन्न किलोचा आकडा पन्नास किलोच्या जॉकीलाही पंचावन्नच पडतो. खरी सूट मिळते ती अप्रेंटिसला, म्हणजे शिकाऊ जॉकीला, आणि विजय वाढत जातात तशी ती घटत जाते. म्हणून अप्रेंटिसची टक्केवारी वाचताना हे विजय किती किलोंच्या सवलतीवर आले ते लिहून ठेवावं. सवलत संपल्यावर तोच मुलगा काय करतो, यात त्याचा खरा कस दिसतो.

वजनाखेरीज आणखी एक समजूत आहे. फेव्हरिट हरला की "जॉकीनं खेचला" अशी ओरड होते. गैरप्रकार कधीच होत नाहीत असं मी म्हणणार नाही, स्टुअर्ड त्यासाठीच बसलेले असतात. पण जगभरच्या कोर्सवर फेव्हरिट साधारण तीनात एकदाच जिंकतो. प्रामाणिक दिवशीही तीनातले दोन हरायचेच. दुसऱ्या टोकाला सगळं नशिबावर सोडणारे असतात. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये लक्ष्मणन खटल्यात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला, तो घोड्याचा पूर्वेतिहास, वजन, अंतर आणि जॉकी यांचा अभ्यास करता येतो म्हणूनच.

मग जॉकीचं नाव पाहायचं ते कशासाठी? मी आता घोडा आधी वाचतो: अंतर, वजन, मागच्या चार शर्यती, कुठे मागे पडला, कुठे अडकला. भावही पाहून घेतो. सगळ्यात शेवटी जॉकीच्या नावाशी येतो आणि त्याला नेमके प्रश्न विचारतो. हाच घोडा याआधी कुणाकुणाखाली पळाला आणि कसा पळाला? घोडा पुढून पळणारा असेल, तर हा जॉकी आघाडीवर वेग राखून पळवतो का, की सहाशे मीटरवरच सगळं संपवतो? तोंड ओढणाऱ्या घोड्यावर याचे हात शांत राहतात का? याची उत्तरं तक्त्यात सापडत नाहीत, शर्यतींचे व्हिडिओ पुन्हा पाहावे लागतात. गेल्या पावसाळ्यात मी एका मधल्या फळीतल्या जॉकीच्या नावापुढे वहीत लिहिलं होतं: 'वळणावर घाई करत नाही, रेलला जागा उघडेपर्यंत थांबतो.' त्याची टक्केवारी तेव्हा नऊ होती, आजही नऊच आहे.