एका वेलाची हजार घरे

मनीप्लांटला फूल आलेले कुणी पाहिले आहे का? संभाजीनगरच्या गुलमंडीतल्या कापडदुकानांच्या वरच्या मजल्यांवर, सुपारी हनुमानाकडून औरंगपुऱ्याकडे जाणाऱ्या गल्ल्यांच्या खिडक्यांत, बाटलीत नाहीतर कुंडीत हा वेल घरोघरी दिसतो. चाळीस-चाळीस वर्षे तो सांभाळणारी घरे आहेत. तिथल्या माणसांनाही त्याचे फूल ठाऊक नसते, आणि त्याला कारण आहे. हा वेल मूळचा प्रशांत महासागरातल्या मूरिया बेटाचा. फुलण्यासाठी लागणारे जिबरेलिन हे संप्रेरक घडवणाऱ्या त्याच्या जनुकात दोष आहे, त्यामुळे तो आपणहून फुलत नाही. लागवडीतल्या वेलाला आपसूक फूल आल्याची शेवटची नोंद 1964 सालची आहे. फूल नाही, म्हणून बी नाही. तरीही जगभर तो पसरला, तो केवळ माणसांनी एकमेकांना दिलेल्या फांद्यांवर. आपल्या खिडकीतला वेल कुणाच्या तरी वेलाचा तुकडा असतो आणि तो वेल आणखी कुणाच्या तरी वेलाचा.

घरातली झाडे कशी जगवावीत, असे लोक विचारतात तेव्हा मला हा वेल आठवतो. मराठवाड्याच्या उन्हात आणि पाण्याच्या ओढीत एकच कुंडी डोळ्यांत तेल घालून राखत बसण्यापेक्षा तिची पिल्ले करत राहावे, आणि त्यातली निम्मी दुसऱ्यांच्या घरी पाठवावी. मे महिन्यात आपली कुंडी गेली, तरी समोरच्या गॅलरीत तिची बहीण हिरवी असते.

पण फांदी कापण्याआधी आपल्या घरात ऊन कुठे येते ते पाहावे लागते. जुन्या शहरातला प्रश्न मुळात उजेडाचा आहे. संभाजीनगर सुमारे 19.9 अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या मध्यान्हीला इथे सूर्य क्षितिजापासून साधारण 47 अंशांवर असतो. आता दहा फूट रुंदीची गल्ली धरा, दोन्ही बाजूंना चाळीस फुटी इमारती. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीच्या फक्त वरच्या दहा-अकरा फुटांवर त्या वेळी ऊन पडते, खालच्या तीन मजल्यांना ते मिळत नाही. म्हणजे एकाच इमारतीत चौथ्या मजल्यावर हिवाळ्यात पेटुनिया फुलेल आणि पहिल्या मजल्यावर तीच टोपली नुसती पाने काढत बसेल. उन्हाळ्यात चित्र पालटते. मेच्या तिसऱ्या आठवड्यात इथे शून्य सावलीचा दिवस येतो. तिथून जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तो चांगलाच उत्तरेकडे सरकतो. वर्षभर थंड असलेल्या उत्तरेच्या खिडकीत म्हणूनच मे-जूनमध्ये तिरपे ऊन शिरते आणि सावलीच्या झाडांची पाने करपतात. झाड तेच, खिडकी तीच, पाणीही तेच, मग असे का झाले, या कोड्याचे उत्तर पुष्कळदा आकाशात असते.

उजेड मोजायला यंत्र लागत नाही. दुपारी जिथे टोपली टांगायची तिथे कागद धरा आणि त्याच्यावर एक वीत अंतरावर हात धरा. सावलीच्या कडा स्पष्ट आल्या तर फुलझाडांची जागा. सावली पडली पण कडा पुसट असल्या तर मनीप्लांट, स्पायडर प्लांट, फर्न, ट्रेडस्कॅन्शिया. सावलीच दिसली नाही, तर तिथे झाड कायमचे ठेवू नये. फार तर महिन्यातले आठ-दहा दिवस शोभेला ठेवून परत उजेडात न्यावे.

टांगती कुंडी ही आपल्याकडे परकी गोष्ट नव्हे. दूध-दही मांजरापासून वाचवायला घरोघरी शिंकाळे असे, आणि जुन्या घरांत झोपाळ्याच्या कड्या तुळयांना आजही शाबूत आहेत. त्या कड्या खणखणीत असतात, टोपल्यांना त्यांच्यासारखी जागा नाही. नव्या स्लॅबला मात्र भोक पाडून पसरणारा हूक बसवावा, नुसत्या खिळ्यावर विसंबू नये. वजनाचा हिशेब करून पाहा. बारा इंची अर्धगोल टोपलीत साधारण सात लिटर माती मावते. भिजलेली काळी माती भरली तर ती टोपली अकरा-बारा किलोंची होते, कोकोपीटचे मिश्रण भरले तर निम्म्यावर येते. रस्त्याच्या अंगाला, कठड्याच्या बाहेर टोपली कधीही टांगू नये. दिवाळीच्या आठवड्यात गुलमंडीत पाऊल ठेवायला जागा नसते. खाली लेकरांना घेऊन खरेदीला आलेली माणसे असतात, हे वरच्यांनी क्षणभरही विसरू नये.

काळ्या मातीला टोपलीत घेऊच नका, असे मी सांगेन, आणि त्याचे कारण वजनापुरते नाही. ही माती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते. टोपलीत एकदा ती वाळली की कडेपासून सुटते, आणि मग घातलेले सगळे पाणी त्या फटीतून खाली निघून जाते. वरून झाड न्हाऊन निघालेले दिसते, पण मुळे कोरडीच राहतात. त्याऐवजी दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि एक भाग पोयट्याची माती किंवा जाडसर वाळू घ्यावी, त्यात मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांतून धुवावे, कारण नारळाच्या काथ्यात मीठ असते. तारेच्या टोपलीला काथ्याचे अस्तर असेल तर त्याच्या आत, तळाला भोके पाडलेला प्लास्टिकचा कागद लावावा. चहूबाजूंनी वारा लागणाऱ्या टोपलीचे पाणी जमिनीवरच्या कुंडीच्या मानाने फार लवकर उडते.

पाण्याची गोष्ट या शहरात नवी नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली, तेव्हा डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीने गावात आणले. आज पाणी पैठणजवळच्या नाथसागरातून येते, आणि नळाला पाणी येण्यात दिवसांचे अंतर असते. त्यामुळे इथे झाडांचे पाणी हे घरातल्या पाण्यातूनच काढावे लागते. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी बिनदिक्कत घाला, फक्त त्याच दिवशी. शिळे झाले की ते आंबते आणि चिलटे येतात. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी तर उत्तम, त्यात क्षार जवळपास नसतातच. फिल्टरमधून वाया जाणाऱ्या पाण्यात मात्र क्षार एकवटलेले असतात, ते रोज घालू नये. बोअरचे पाणी इथे बेसाल्ट खडकातून येते आणि जड असते. कुंडीच्या बाहेर पांढरी पुटे चढतात, ती त्याचीच. सावलीतल्या स्पायडर प्लांटच्या पानांची टोके तपकिरी होतात, त्यामागेही बहुतेक वेळा क्षार असतात. पाणी रात्रभर उघडे ठेवले की क्लोरीन उडून जातो, क्षार उडत नाहीत. म्हणून पावसाळ्यात पहिल्या दोन-तीन सरी गेल्या की सगळ्या टोपल्या गच्चीवर नेऊन तासभर पावसात ठेवाव्यात, साठलेले मीठ धुऊन जाते.

याच जड पाण्याचा आणखी एक परिणाम म्हणजे कोवळी पाने पिवळी पडणे, शिरा मात्र हिरव्या राहणे. हा लोहाचा तुटवडा आहे. कुंडीत गंजका खिळा खुपसण्याचा जुना उपाय आपल्याकडच्या चुनखडीच्या, अल्कधर्मी मातीत कामाचा नाही, कारण तिथे लोह असूनही मुळांना घेता येत नाही. चिलेटेड लोह पाण्यात मिसळून फवारावे आणि मिश्रणात कुजलेला पालापाचोळा वाढवावा.

मे महिन्यात टोपलीला वरून तांब्याने पाणी घालण्यात अर्थ नाही. ती उतरवून बादलीत बसवावी, बुडबुडे थांबेपर्यंत, पंधरा-वीस मिनिटे. मग निथळू द्यावी आणि तेच पाणी पुढच्या टोपलीला. एका बादलीत पाच-सहा टोपल्या होतात. फक्त एखाद्या टोपलीला कीड असेल तर ती सर्वांत शेवटी.

आता कलमांकडे येऊ, कारण खरा आनंद इथे आहे. फांदी कापली की तिला मुळे का फुटतात? शेंड्यातल्या कोवळ्या भागात ऑक्सिन हे संप्रेरक तयार होते आणि खाली सरकत राहते. कापल्यावर त्याला पुढे वाट नसते, ते जखमेजवळ साठते, आणि त्याच्या प्रमाणामुळे तिथल्या पेशी मुळे घडवू लागतात. बाजारात मिळणारी रूटिंग पावडर म्हणजे बहुधा इंडोल ब्युटिरिक आम्ल, याच जातीचे रसायन. मनीप्लांट, चिनी गुलाब, ट्रेडस्कॅन्शिया यांना तिची गरज नसते. जास्वंद, बोगनवेल यांसारख्या लाकूड धरणाऱ्या फांद्यांना ती लावावी.

मनीप्लांट कापताना पेर पाहावे. पानाच्या देठाशी जी गाठ असते, जिथून तपकिरी मुळाचा कोंब डोकावतो, तिच्या बोटभर खाली काप घ्यावा. नुसते पान देठासकट पाण्यात ठेवले तर त्यालाही मुळे फुटतात आणि माणूस हरखून जातो, पण त्या पानाचा वेल कधीच होत नाही, कारण नवा कोंब पेरातल्या डोळ्यातूनच येतो. पाण्यात फुटलेली मुळे मातीतल्या मुळांपेक्षा वेगळी, जास्त नाजूक असतात. ती दोन इंचांची झाली की लगेच मातीत लावावे आणि पहिले दोन आठवडे माती ओलसर ठेवावी. सहा महिने बाटलीत वाढवून मग मातीत नेलेला वेल रुसतो, यात नवल नाही. टोपली भरगच्च हवी असेल तर एकच लांब वेल न लावता आठ-दहा तुकडे एकदम लावावेत. शेंडा खुडला की खालचे डोळे जागे होतात.

मनीप्लांट चोरून आणला तरच लागतो, असे सांगतात. मला ही समजूत आवडत नाही. मागितला तर कुणी नाही म्हणत नाही, आणि मागून आणला की झाडाबरोबर ते कसे वाढवले याची माहितीही मिळते.

स्पायडर प्लांट तर स्वतःच पिल्ले लोंबकळत ठेवतो. पिल्लू आईपासून न तोडता शेजारच्या कुंडीत टेकवावे, केसांच्या पिनेने दाबावे, मुळे धरली की नाळ कापावी. हे झाड दक्षिण आफ्रिकेचे, पण त्याचे कूळ आपल्या ओळखीचे आहे. सफेद मुसळीचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम, म्हणजे मुंबईच्या बोरिवलीवरून पडलेले, आणि पावसाळ्यात सह्याद्रीच्या गावांत केली जाणारी फोडशीची भाजी याच कुळातली.

सान्सेव्हेरिया, ज्याला बरेच जण स्नेक प्लांट म्हणतात, पानाच्या तुकड्यापासूनही वाढतो. पण पिवळ्या काठाच्या जातीचे पान लावले तर नवे झाड काठाशिवाय, साधे हिरवे येते. तो पिवळा काठ पानातल्या वेगळ्या पेशीथराचा असतो, आणि नवा कोंब त्या थरांची मांडणी जशीच्या तशी उचलत नाही. काठ हवा असेल तर गड्ड्याची वाटणीच करावी. पानफुटीचे उलट आहे. तिच्या पानाच्या दातऱ्यांतच पिल्ले बसलेली असतात, मुलांना पहिला धडा द्यायला तिच्यासारखे झाड नाही.

कलमाला लागते ती दमट हवा, म्हणून मृगापासून श्रावण सरेपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. एरवी कुंडीवर पारदर्शक पिशवीचा तंबू करावा. लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टराने 1829 च्या सुमारास बंद बाटलीत नेचे उगवलेले पाहिले आणि त्यावरून काचपेटी तयार केली. 1833 मध्ये अशा पेट्यांतून रोपे लंडनहून सिडनीला जिवंत पोहोचली, आणि पुढे चीनमधला चहाही अशाच पेट्यांतून भारतात आला. आपल्या पारदर्शक पिशवीचे काम तेच आहे, फक्त तिला थेट ऊन लागू देऊ नये, आतले झाड शिजते.

आणि या शहराला कलमे नवी नाहीत. हिमायतबागेत परभणीच्या कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. ‘प्रतिष्ठान’ ही चिंचेची जात तिथलीच. ती शेतकऱ्याच्या बांधावर जाते ती कलमानेच, कारण चिंचेचे बी लावले तर आईसारखे झाड येईलच असे नाही.

दिवाळीनंतरचे चार महिने फुलांच्या टोपल्यांचे. पेटुनियाची रोपे दिवाळीच्या सुमारास लावली तर डिसेंबर ते मार्च बहर मिळतो. चार-पाच इंच झाल्यावर शेंडे खुडा, सुकलेली फुले देठासकट काढा, पंधरा दिवसांनी 19:19:19 खत लिटरला एक ग्रॅम घाला. मार्चअखेर तिला निरोप द्यावा आणि त्याच टोपलीत चिनी गुलाब लावावा, ज्याला आपण ‘ऑफिस टाइम’ म्हणतो. त्याचा बोटभर तुकडाही लागतो आणि मेचे ऊन तो आनंदाने पितो. सदाफुलीही तशीच काटक, पण तिची पाने विषारी आहेत. मनीप्लांटच्या रसातही कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक स्फटिक असतात, तोंडात गेले तर जळजळ होते. रांगते मूल घरात असेल तर टोपली खरोखरच उंच हवी.

एप्रिलमध्ये पानांखाली बारीक जाळी दिसली तर तो लाल कोळी. पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या उलट्या बाजूने मारावा; तेवढ्याने न गेला तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा साबण, ऊन उतरल्यावर. पांढऱ्या पिठ्या ढेकणाला कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पुसून काढावे.

झाडे घरातली हवा शुद्ध करतात, असे हल्ली प्रत्येक रोपवाटिकेत ऐकू येते. 1989 मधल्या नासाच्या प्रयोगातून ते पसरले, पण तो प्रयोग छोट्या बंद पेटीतला होता. 2019 मध्ये अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले, तेव्हा उघड्या खिडकीइतके काम व्हायला दर चौरस मीटरला किमान दहा झाडे लागतील असे दिसले, आणि पुष्कळदा त्याहून कितीतरी जास्त. झाड लावावे ते झाडासाठी, हवेसाठी खिडकी उघडावी.

भाऊबीजेला आलेल्या बहिणीला या वर्षी एक फांदी जरूर द्या. सकाळच्या थंड वेळी कापा, खालची पाने काढा, कापलेले टोक ओल्या फडक्यात गुंडाळा, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर सैल पिशवी. एसटीच्या सात-आठ तासांच्या प्रवासात ती सहज टिकते. झाडाचे नाव आणि आपल्याकडे ते कोणत्या दिशेच्या खिडकीत आहे, एवढे चिठ्ठीवर लिहा. घरी पोहोचल्यावर टोक पुन्हा थोडे कापून पाण्यात ठेवायला सांगा, आणि तीन आठवडे थांबायला. थंडीत मुळे उशिरा फुटतात.