चिठ्ठीवरची गोळी आणि खिशातली गोळी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री दवाखाना बंद करण्याच्या बेतात असताना पोलीस ठाण्यातले हवालदार एक कागद घेऊन आले. "डॉक्टर, ही सही तुमचीच ना?" सही माझीच होती, वरचे छापील नावही माझेच. पण कागद झेरॉक्स होता, तारीख बदललेली होती आणि गोळ्यांच्या आकड्यापुढे कुणीतरी एक शून्य वाढवले होते. मी लिहिलेल्या ५ गोळ्यांच्या ५० झाल्या होत्या.

मूळ चिठ्ठी माझ्या एका जुन्या पेशंट बाईंची. मालक गेल्यानंतर झोप लागेना म्हणून पाच रात्रींपुरती अल्प्राझोलामची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी दिली होती. पकडला गेला तो त्यांचा मुलगा, वय २२, टेम्पो चालवणारा. खिशात चार स्ट्रिप सापडल्या. पाचवी त्याने आधीच संपवली होती. त्याच रात्री बाई माझ्या दारात उभ्या राहिल्या. "डॉक्टरसाहेब, गांजाबिंजा नाही हो त्याच्याकडं, मेडिकलमधल्या गोळ्या आहेत. त्याला कशाला धरलंय?"

हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांना पडेल, म्हणून आजचा लेख. मी वकील नाही. त्या प्रकरणात आमच्या वकील मित्रांशेजारी बसून जे समजले आणि कागदोपत्री पडताळले, तेवढेच सांगतो.

मेडिकलमध्ये मिळणारी प्रत्येक गोळी कायद्याच्या दृष्टीने सारखी नसते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा, त्याखालचे नियम १९४५ चे. त्यातल्या परिशिष्ट एच मधली औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. १ मार्च २०१४ पासून एच-१ नावाचे आणखी कडक परिशिष्ट लागू झाले. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम, ट्रामाडोल, कोडीन ही सारी त्यात आहेत. ही औषधे देताना दुकानदाराने डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याची मात्रा वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे सांभाळायची असते. झेरॉक्स चिठ्ठीवर ५० गोळ्या देणाऱ्या दुकानदाराने काय पाहिले हे त्याचे त्याला ठाऊक. अन्न व औषध प्रशासनाची चौकशी मग त्याच्याही मागे लागली.

इथवर गोष्ट दुकानाची झाली. पण यातली बरीचशी औषधे दुसऱ्या एका कायद्यातही येतात. त्याचे मराठी नाव लांबलचक आहे: गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५. पोलीस आणि वकील त्याला एनडीपीएस म्हणतात. चरस, अफू, ब्राऊन शुगर ज्या कायद्यात, त्याच कायद्यात अल्प्राझोलाम आणि डायझेपाम. ट्रामाडोल ही दुखण्यावरची गोळी २०१८ साली त्यात आली. मालेगावकडे 'कुत्ता गोळी' या नावाने जी बदनाम झाली, ती हीच अल्प्राझोलाम. तिकडे ती नशेची आणि आमच्या बाईंना झोपेची, गोळी तीच.

या कायद्यात शिक्षा ठरते ती मालाच्या वजनावर. अल्प्राझोलामची 'अल्प मात्रा' ५ ग्रॅमची आणि 'व्यापारी मात्रा' १०० ग्रॅमची. अल्प मात्रेला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यापेक्षा जास्त पण व्यापारी मात्रेपेक्षा कमी असेल तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. व्यापारी मात्रेला कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त वीस वर्षे, शिवाय एक ते दोन लाख दंड. आणि आरोपी निर्दोष असावा असे मानायला सबळ कारण आहे अशी न्यायालयाची खात्री झाल्याशिवाय त्यात जामीनही नाही.

आता हिशेब पाहा. ४० गोळ्यांत खरे औषध किती? प्रत्येकी अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे सगळे मिळून २० मिलिग्रॅम. चिमूटभरही नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात सांगितले, की मिश्रणात औषधाबरोबर जे निरुपद्रवी द्रव्य असेल तेही वजनात धरायचे. गोळीतला स्टार्च, खडूसारखी भर, सगळे आले. आमच्या पोराच्या गोळ्या एकूण भरल्या ४.४ ग्रॅम. पाचवी स्ट्रिप खिशात असती तर वजन ५.५ ग्रॅम झाले असते आणि एका वर्षाच्या शिक्षेची गोष्ट दहा वर्षांवर गेली असती. वकीलमित्राने कागदावर हा गुणाकार केला तेव्हा बाईंना तो कळला नाही. मला कळला आणि घाम फुटला.

मग रोज झोपेची, फिटची किंवा मनोविकाराची गोळी घेणाऱ्याने भ्यायचे का? मुळीच नाही. हा कायदा वैद्यकीय उपयोगाला मोकळीक देतो. नियम ६६ प्रमाणे स्वतःच्या उपचारासाठी अशा औषधाच्या एका वेळी १०० मात्रा, साध्या भाषेत १०० गोळ्या, जवळ ठेवता येतात. दीर्घकाळच्या आजारासाठी डॉक्टरांनी तसे मुद्दाम लिहून दिले असेल तर ३०० पर्यंत. मात्र औषध आपलेच आणि आपल्याच उपचाराचे आहे हे दाखवायला चिठ्ठी लागते. जवळ सापडलेला माल जाणूनबुजून बाळगला असेच हा कायदा आधी गृहीत धरतो आणि तसे नाही हे आरोपीने दाखवायचे असते. म्हणून मूळ चिठ्ठी आणि बिल फेकू नका. प्रवासात गोळ्या सुट्या करून डबीत भरू नका, स्ट्रिपसकट न्या. आणि शेजारणीला झोप येत नाही म्हणून आपल्यातल्या चार गोळ्या देण्याचा परोपकार करू नका. दुसऱ्याच्या हातात गेलेली गोळी 'स्वतःच्या उपचाराची' राहत नाही.

उद्या आपल्याच घरातले कुणी पकडले गेले तर? वकिलाला भेटण्याचा हक्क पहिल्या क्षणापासून आहे आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावेच लागते. पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या माणसाला तिथून मोफत वकील मिळतो. अंगझडतीपूर्वी 'राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती घ्या, असे तुम्ही म्हणू शकता' हे पोलिसांनी सांगितलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये विजयसिंह जाडेजा प्रकरणात बजावले. हे अंगझडतीपुरतेच, पिशवीतल्या मालाला ते लागत नाही. बाईची झडती बाईनेच घ्यायची. नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढले का, सील नीट होते का, हे वकील तपासतात आणि पुष्कळ खटले तिथेच ढिले पडतात. कोऱ्या कागदावर सही मात्र कुणाच्या सांगण्यावरून करू नये.

डॉक्टर म्हणून एक गोष्ट यापेक्षाही तातडीने सांगतो. रोज बऱ्याच गोळ्या घेणाऱ्याची गोळी एकदम तुटली तर त्याला झटके येतात, क्वचित जीवही जातो. म्हणून 'त्याला सवय आहे' हे लाजेपोटी लपवू नका. पोलिसांना सांगा, दंडाधिकाऱ्यांना सांगा, तपासणी करणाऱ्या सरकारी डॉक्टरांना सांगा. आमच्या बाई आधी "त्याला कसली सवय नाही" म्हणत होत्या. तिसऱ्यांदा विचारल्यावर रडल्या आणि बोलल्या.

त्या बोलल्या म्हणूनच कलम ६४-अ चा रस्ता उघडला. अल्प मात्रेच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यातला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी वा सरकारमान्य संस्थेत व्यसनमुक्तीचा उपचार घेत असेल, तर त्याच्यावर त्या गुन्ह्याचा खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडला तर हे संरक्षण काढून घेता येते. अटकेची वाट न पाहता आधीच मदत हवी असेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे.

बनावट चिठ्ठीचे प्रकरण मात्र यात मिटत नाही. भारतीय न्याय संहितेप्रमाणे फसवणुकीसाठी केलेल्या बनावटीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तो खटला चालू आहे. मला साक्षीला जावे लागेल. माझ्या ओपीडीच्या वहीत मूळ ५ गोळ्यांची नोंद होती म्हणून माझ्यावर बालंट आले नाही, एवढेच. तेव्हापासून मी गोळ्यांची संख्या अक्षरांत लिहितो.

पोरगा उपचार घेतो आहे. गोळी हळूहळू कमी करत आणली आहे. बाई दर पंधरवड्याला त्याला घेऊन येतात. चिठ्ठी त्या माझ्याकडून घेतात, घडी घालून पदराच्या टोकाला बांधतात आणि मेडिकलमध्ये स्वतः जातात.