दोन कानांचा पेला आणि ग्राहकाचा विश्वास

व्हिडिओत 'क्वेख'चा उल्लेख आला, तो इथे जरा सविस्तर बघू.

क्वेख म्हणजे स्कॉटलंडचा पसरट, उथळ पेला. गेलिक भाषेत या शब्दाचा अर्थ साधा पेला असाच आहे. आपण कपाचा 'कान' म्हणतो ना? स्कॉट्स भाषेतही याच्या मुठींना 'लग', म्हणजे कानच म्हणतात. हे कान दोन, समोरासमोर. यजमान दोन्ही हातांनी देतो, पाहुणा दोन्ही हातांनी घेतो. हात गुंतले की शस्त्र कसं उचलणार, असं लोक सांगतात. लग्नात नवरा-नवरीही एकाच क्वेखमधून पितात.

आधी हे पेले लाकडाचे होते, नंतर चांदीचेही झाले. दोन कान मात्र तसेच राहिले.

आता धंद्याचा मुद्दा. १९८८ साली स्कॉच व्हिस्की उद्योगातल्या स्पर्धक कंपन्यांनी मिळून 'कीपर्स ऑफ द क्वेख' ही संस्था काढली. स्कॉचसाठी मोठं काम करणाऱ्यांचा ती सन्मान करते. नावासाठी बाटली नाही, पाहुणचाराचा पेला निवडला!

नवीन ग्राहकाच्या मनात एकच शंका असते: "हा फसवणार तर नाही ना?" तिथे भाषण कामाला येत नाही, हात दिसावे लागतात. वजनकाटा ग्राहकाकडे वळवा. आधी चव द्या, मग पैसे घ्या. भाव लिहून लावा.

तुमच्या धंद्यातले 'दोन कान' कोणते? आजच ठरवा, उद्यापासून सुरू करा.