काळ्या चबुतऱ्यापासून मक्का मशिदीपर्यंत

उस्मानपुऱ्यातून शहराकडे निघालो की थोड्याच वेळात क्रांती चौक येतो. मुलांची शाळा, बाजार, दवाखाना, सगळे त्याच रस्त्याने. चौकाला हे नाव का, असे घरात विचारले तर मुले १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम सांगतात. लहानपणी आम्हीही तसेच समजत होतो. खरे कारण त्याहून ९१ वर्षे जुने आहे, आणि ते चौकातल्या काळ्या चबुतऱ्याशी जोडलेले आहे.

१८५७ च्या जून महिन्यात हैदराबाद कंटिंजंटचे पहिले घोडदळ मोमिनाबादहून, म्हणजे आजच्या अंबाजोगाईहून, औरंगाबादच्या छावणीत आले. फौज नावाला निजामाची, खर्चही त्यांच्याच मुलखातून. हुकूम मात्र इंग्रज अधिकाऱ्यांचा. मेरठ आणि दिल्लीच्या बातम्या इथवर पोहोचल्या होत्या. आपल्याला बहादूरशहांविरुद्ध लढायला दिल्लीला नेणार, अशी कुजबुज सुरू झाली. सवारांनी उघड सांगितले की बादशहावर आम्ही तलवार उचलणार नाही.

पुण्याहून निघालेली जनरल वुडबर्नची फौज तोफांसह इकडे वळली. सवारांना घोड्यांशिवाय रांगेत उभे केले आणि एकेक नाव पुकारले जाऊ लागले. तेवढ्यात एका जमादाराने बंदुका भरा, अशी हाक दिली. एकच गोंधळ उडाला आणि बरेच जण घोडे गाठून निसटले. कॅप्टन अ‍ॅबट यांच्यावर गोळी झाडणारे मीर फिदा अली फासावर गेले. इतर काहींना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिले. काळा चबुतरा ही त्याच शिक्षांची खूण.

गोष्ट इथेच संपली असती तर ते फक्त एका पलटणीचे बंड ठरले असते. पण निसटलेल्यांपैकी जमादार चिदा खान काही साथीदारांसह हैदराबादला पोहोचले. निजामाच्या राज्यात आसरा मिळेल, हा त्यांचा भरवसा. दिवाण सालारजंग यांनी त्यांना पकडून इंग्रज रेसिडेंटच्या हवाली केले. निजामशाहीचे कौतुक आमच्या घरांत पुष्कळ होते, पुष्कळदा रास्तही; पण हे पानही मुलांपुढे उघडायला हवे.

मग सामान्य माणूस रस्त्यावर आला. १७ जुलै १८५७, जुम्म्याचा दिवस. मक्का मशिदीत लोक जमले. औरंगाबादचे कैदी सोडा, ही त्यांची मागणी. तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्यामागे शेकडो लोक रेसिडेन्सीवर चालून गेले. त्यांत रोहिले बरेच होते. तोफांपुढे त्यांचा निभाव लागला नाही.

दरवर्षी १७ सप्टेंबरला शाळेत रझाकारांचा विषय निघतो आणि आमची काही मुले मान खाली घालून घरी येतात. रझाकारांचे जुलूम खरे होते, ते झाकायचे कारण नाही. पण आठवीतल्या मुलाला चिदा खान ठाऊक असले, तर वर्गात त्यालाही काही सांगता येईल. उस्मानपुऱ्यातून चबुतऱ्यापर्यंत जायला रिक्षाही लागत नाही. एखाद्या रविवारी, सकाळी गर्दी व्हायच्या आत, त्यांना घेऊन जावे.

तुर्रेबाज खान कैदेतून निसटले, १८५९ मध्ये मारले गेले आणि त्यांचा मृतदेह हैदराबादेत लोकांसमोर टांगण्यात आला. मौलवी अलाउद्दीन यांना काळ्या पाण्यावर पाठवले. ते परत आले नाहीत. अंदमानातच त्यांचे निधन झाले.