पाषाण आणि पोथी

जॉर्डनच्या वाळवंटात नबातियन लोकांनी दोन सहस्र वर्षांपूर्वी तांबूस वालुकाश्मात जी पेट्रा नगरी कोरून काढली, तिच्या भव्य दर्शनी भागांची चित्रे वाचकांनी पुष्कळदा पाहिली असतील. परंतु त्यांहून मला कौतुक वाटते ते तेथल्या कडेकपारींत कोरलेल्या साध्या चौकोनी शिळांचे, कारण दुशारा हा त्या लोकांचा मुख्य देव बहुधा अशा अनलंकृत शिळेच्याच रूपाने पुजला जाई. मूर्तीवाचून पाषाणाला पावित्र्य आलेले स्थळ पाहावयाचे तर इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. मोर्शी तालुक्यातील मौजे रिद्धपूर आपल्या वऱ्हाडातच आहे.

तेराव्या शतकात येथे गोविंदप्रभूंचे वास्तव्य होते, महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी आपल्या या गुरूंच्या भेटीस येथेच आले, आणि 1278 च्या सुमारास म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ हे चक्रधरांचे चरित्र सिद्ध केले तेही येथेच. हा पंथ मूर्ती स्थापीत नाही. प्रभू जेथे बसले, निजले, जेवले, तेथे ओटा बांधतात. यात्रेकरू दंडवत घालून त्यावर कपाळ टेकतो. अशा स्थानांचे लहानसे दगड प्रसाद म्हणून वस्त्रात गुंडाळून पिढ्यान्‌पिढ्या जपलेले असतात. मात्र दुशाराची शिळा देवाचे रूप मानली जाई, तर येथला दगड केवळ स्पर्शाचा दाखला आहे. आणि दाखला म्हटला की दफ्तर आलेच.

त्या दफ्तराची निकड भूमीनेही वाढविली. पेट्रात सबंध डोंगरच भिंत झाला, आणि बंधारे, चर व मातीच्या नळ्या यांनी पुराचे पाणी वळविल्यामुळे तो टिकला. ती व्यवस्था ढासळल्यावर पाण्याने व खडकात मुरलेल्या क्षारांनी कोरीवकाम कुरतडण्यास आरंभ केला. रिद्धपूरचे नशीब निराळे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा खडक झिजून येथली काळी माती झाली. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज आपल्या पापुद्र्यांत पाणी शोषून पावसाळ्यात फुगते आणि वैशाखात आकसते, तेव्हा शिवारात पाय अडकावा एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर पाया स्वस्थ राहत नाही, मातीच्या भिंती तर विरघळून पांढरीतच मिसळतात.

म्हणून ‘स्थानपोथी’चे मोल. वि. भि. कोलते यांनी संपादिलेल्या या ग्रंथात कोणते स्थान कोणत्या दिशेस, दार कोणीकडे, शेजारी काय, हे एखाद्या मोजणीदाराच्या चिकाटीने नोंदलेले आहे. पेट्रात भिंती उभ्या, पण नबातियनांचा एकही धर्मग्रंथ हाती नाही; तेथील खझनेह हे सुप्रसिद्ध थडगे कोणासाठी कोरले, त्या मृताचे नावही त्यावर नाही. रिद्धपुरात भिंत गेली तरी दाराची दिशा शिल्लक आहे! अर्थात पोथीही अमर नसते. लीळाचरित्राची मूळ प्रत खल्जींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत नाहीशी झाली, स्मरणातून पुन्हा लिहून काढावी लागली, आणि पाठभेदांचे रान माजले.

2024 मध्ये रिद्धपुरास मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. त्याने भाषेच्या अभ्यासकाबरोबर एखादा भूमापकही शिवारात पाठवावा, स्थानपोथीतील दिशा आणि आजचे ओटे यांचा मेळ नकाशावर घालावा, आणि जेथे तो बसत नाही तेथली पांढरी पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली थोडी उकरून पाहावी.